मुंबई हाय असताना तेल आयात कशाला?
पेट्रोलचा भाव चढला की मुंबईत एक जुना समज हमखास डोके वर काढतो: समुद्रात आपलेच तेल असताना आयात कशाला? १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या तराफ्याने किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय या समुद्रातल्या क्षेत्रात तेल शोधले, हे खरेच, परंतु मुंबई हाय धरून साऱ्या देशाचे वार्षिक उत्पादन ३ कोटी टनांच्या आत आहे आणि आपले तेलशुद्धीकरण कारखाने २५ कोटी टनांहून अधिक खनिज तेल रिचवतात. शिवाय मुंबई हायचे क्षेत्र जुने झाले असून, दाब टिकवण्यासाठी तेथे पाणी सोडावे लागते. पुरावा फार लांब नाही: गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून जवाहर द्वीपाला लागलेली टँकर जहाजे दिसतात, त्यांतले तेल नळांवाटे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जाते.