मायक्रोवेव्ह चालतो, पण तापवत नाही

दिवा लागतो, ताट फिरते, वेळ संपल्यावर शिट्टीही वाजते. हुमण, म्हणजे माशाची कढी, मात्र थंडच. अशा वेळी पहिला संशय मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागावर जातो, कारण तो यंत्राचा जीव आणि बदलायला महागही. पण वीज त्याच्यापर्यंत पोहोचायच्या वाटेवर स्वस्तातले बरेच भाग आहेत, आणि पुष्कळदा त्यांतलाच एखादा दगा देतो.

प्लगमधली २३० व्होल्टची वीज आधी फ्यूज आणि दाराच्या स्विचांतून जाते. दाराच्या खाचेत सहसा तीन छोटे स्विच असतात. दोन वीज तोडतात. तिसरा पहारेकरी: दार उघडूनही पहिले दोन चिकटलेलेच राहिले तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडता-मिटताना फ्यूज उडत असेल तर नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही, स्विच तपासायला हवेत. तार जोडून स्विच ‘बायपास’ करणारा कारागीर दारातूनच परत पाठवावा.

पुढे जड ट्रान्सफॉर्मर. त्याची एक गुंडाळी मॅग्नेट्रॉनच्या फिलामेंटला (तापणाऱ्या तारेला) सुमारे ३ व्होल्ट देते, दुसरी सुमारे २००० व्होल्ट. वीज साठवणारा कपॅसिटर आणि ती एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मिळून हा दाब जवळपास ४००० पर्यंत नेतात. यंत्र नेहमीपेक्षा मोठ्याने घुमते आणि काहीच तापत नाही, तेव्हा डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्याची शक्यता बरीच. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट असते.

मॅग्नेट्रॉनमध्ये तापलेल्या फिलामेंटमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भोवतालच्या तांब्याच्या नळीकडे धावतात. वर-खाली बसवलेली चुंबके त्यांना सरळ जाऊ देत नाहीत, गोल फिरवतात. नळीच्या आतल्या कप्प्यांवरून ते जात असताना कप्प्यांत विद्युतलहरी उठतात. सेकंदाला किती, हे कप्प्यांचा आकार ठरवतो. आपल्या ओव्हनमध्ये २४५ कोटी. ही रचना रँडल आणि बूट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रडारसाठी केली होती. अन्नातले पाण्याचे रेणू लहरींबरोबर उलटसुलट वळू पाहतात, शेजाऱ्यांवर आदळतात आणि उष्णता होते. अन्न आतून बाहेर शिजते हा मात्र गैरसमज. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, पुढची उष्णता हळूहळू झिरपते. म्हणून जाड तुकडे मध्येच काढून परतावेत.

लहरी ओव्हनच्या पोकळीत, म्हणजे अन्न ठेवायच्या जागेत, शिरतात ती जागा अभ्रकाच्या पातळ पत्र्याने झाकलेली असते. माशाच्या कढीचे आणि खोबरेल तेलाचे शिंतोडे त्यावर उडून जळले की काजळी धरते, आणि काजळी वीज वाहते, मग ठिणग्या. आवाज भयंकर, दुरुस्ती सोपी: प्लग काढून पत्रा सोडवावा, त्याच मापाचा नवा अभ्रक कात्रीने कापून बसवावा. ठिणग्या भिंतीवरून येत असतील तर रंग उडून गंज धरलेला असतो. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा आणि ताटाखाली साठणारी वाफ मिळून हे काम लवकर करतात. शिजवून झाल्यावर दार थोडा वेळ उघडे ठेवून आतून कोरडे पुसावे. पावसाळ्यात बटणे दाबली जात नाहीत तेव्हाही ओलावाच पाहावा. मागच्या जाळीतून मुंग्या, झुरळे, कधी पालही आत जाते.

लहरी पोकळीत परावर्तित होऊन कुठे जोरकस, कुठे क्षीण होतात. फिरणारे ताट त्यासाठीच. ताट काढून उलट्या बशीवर कच्चा पापड ठेवून पाहा: काही ठिकाणी फुलेल, काही ठिकाणी कोराच राहील.

मॅग्नेट्रॉन थकलाय का, हे घरी तपासता येते. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, तापमान पाहा, पूर्ण ताकदीवर १ मिनिट चालवा, ढवळून पुन्हा पाहा. वाढलेल्या अंशांना ७० ने गुणले की वॅट मिळतात: १० अंश वाढले तर ७०० वॅट. यंत्रावर लिहिलेल्यापेक्षा बरेच कमी आले तर आधी घरचा व्होल्टेज तपासावा. संध्याकाळी तो पडत असेल तर दुपारी पुन्हा मोजावे. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा.

पत्र्याचे आवरण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. तो आपोआप रिकामा करणारा रोधक बहुतेक कपॅसिटरच्या आतच असतो, पण तो तुटला तर बाहेरून कळत नाही.