उनागीचं मत्स्यबीज

जुलै संपत येतो तेव्हा जपानमध्ये उकाडा अगदी नकोसा होतो आणि तिथल्या पंचांगातला ‘बैलाचा दिवस’ येतो. त्या दिवशी उनागी खायची जुनी रीत आहे. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातला ईल, दिसायला आपल्या वामसारखा लांबोळका. चिरून, काटा काढून, सळ्यांना टोचून तो निखाऱ्यावर भाजतात आणि सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड वाइन) व साखरेच्या दाट रसात पुन्हापुन्हा बुडवतात. तोक्योकडे मासा पाठीकडून चिरतात आणि मध्ये वाफवून घेतात. ओसाकाकडे पोटाकडून चिरून थेट भाजतात. उन्हाळ्यात रोडावलेल्यानं ईल खावा, हा सल्ला तिथल्या 8व्या शतकातल्या कवितेतही सापडतो.

आज ताटात येणारा जवळजवळ प्रत्येक ईल तळ्यात वाढवलेला असतो. मग तो कोंबडीसारखा हवा तेवढा वाढवता येत असेल, असं कुणालाही वाटेल. पण रोहूचं किंवा कोळंबीचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, हॅचरीत तयार होतं, ईलचं मात्र समुद्रातूनच धरून आणावं लागतं. जपानी ईल अंडी घालायला मारियाना बेटांच्या पश्चिमेला, मायदेशापासून 2,000 किलोमीटरहून दूर जातो. तिथली त्याची अंडी शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा लागली ती 2009 मध्ये! पानासारखी चपटी पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि किनाऱ्याजवळ रूप पालटतात: जेमतेम 6 सेंटीमीटरचा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव, डोळ्यांचे दोन काळे ठिपके. किलोभर पिल्लांत असे सुमारे 5,000 जीव असतात. हिवाळ्यातल्या रात्री नदीच्या मुखाशी दिवा धरून ती हातजाळ्यानं टिपतात.

प्रयोगशाळेत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र 2010 मध्ये पूर्ण झालं. त्या पिल्लांना शार्कच्या अंड्यांची लापशी भरवावी लागली होती. एवढे लाड पुरवून बाजारभाव परवडणं अजून कठीणच आहे.

समुद्रातलं बीज मात्र आटत चाललंय. 1960च्या दशकात जपानमध्ये एखाद्या वर्षी 200 टनांच्या वरही पिल्लं सापडायची, अलीकडे काही वर्षी 10 टनही मिळालेली नाहीत. धरणं, सिमेंटनं बांधलेले नदीकाठ आणि बदलते सागरी प्रवाह यांचाही यात वाटा आहे. 2014 मध्ये हा मासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेला.

युरोपीय ईलचा व्यापार 2009 पासून ‘साइटीस’च्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. याचा अर्थ बंदी असा नव्हे. निर्यातीनं प्रजातीला धोका नाही, हे तपासूनच परवाना द्यायचा, एवढंच बंधन असतं. युरोपनं पुढे स्वतःहून निर्यात थांबवली, तेव्हा तीच पिल्लं सुटकेसमधून चोरून आशियात जाऊ लागली आणि मागणी अमेरिकी ईलकडेही वळली. काचेसारख्या पिल्लांची जात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, भाजलेल्या तुकड्याची तर नाहीच. डीएनए तपासावा लागतो. म्हणून 2025 मध्ये साइटीसच्या समरकंद इथल्या परिषदेत युरोपीय संघानं या कुळातल्या सगळ्याच ईलना त्या परिशिष्टात घालायचा प्रस्ताव मांडला. तो 100 विरुद्ध 35 मतांनी पडला. आमच्या ईलचं व्यवस्थापन नीट चाललंय, असं जपानचं म्हणणं होतं.

मला हे पटत नाही. तळ्यांत किती पिल्लं सोडायची याची मर्यादा जपान, चीन, कोरिया आणि तैवान यांनी 2014 मध्येच ठरवली आहे. पण ती इतकी सैल आहे की बहुतेक वर्षी तेवढी पिल्लं मिळतच नाहीत. जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या उनागीपैकी निम्म्याहून जास्त परदेशातून येते. परवाना लागला तर ती महागेल हे खरं. पण निदान कुठल्या नदीच्या मुखाशी कुठली जात धरली, याचा कागद तरी तिच्याबरोबर येईल.