शिरेतून दिलेली मूलपेशी जखमेपर्यंत पोहोचते का?

मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणारी पेशी, स्वतःहून ठिकाण शोधते, हे पहिल्यांदा कळले ते अस्थिमज्जेमुळे. 1949 मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकली आणि एरवी जीव घेणारा किरणोत्सर्ग दिला, उंदीर तगले. वाचवणारे एखादे रसायन असावे, असा तेव्हा अनेकांचा कयास होता. 1956 मध्ये ब्रिटनमधील चार्ल्स फोर्ड यांच्या गटाने दात्याच्या पेशी खुणेच्या गुणसूत्रावरून ओळखल्या: किरणांनी ओस पडलेल्या मज्जेत त्याच वाढत होत्या. म्हणूनच मज्जारोपणात हाड उघडावे लागत नाही, पेशींची पिशवी रक्तासारखी शिरेतून चढवतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये 1983 पासून हेच चालते.

या प्रवासाची यंत्रणा मात्र बरीच उशिरा उलगडली. वाहत्या रक्तातली पेशी भिंतीवरच्या सिलेक्टिन या चिकट रेणूंना अडखळत रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळते. भिंतीवरचे सीएक्ससीएल-12 हे रसायन तिच्या सीएक्ससीआर-4 ग्राहकाला (पृष्ठभागावरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) लागले की तिचे इंटिग्रिन, म्हणजे भिंतीला धरणारी प्रथिने, ताठ होतात, ती घट्ट चिकटते आणि भिंतीतून आत शिरते. 1999 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील त्झ्वी लॅपिडॉट यांच्या गटाने हा ग्राहक अडवला, तर मानवी पेशी उंदराच्या मज्जेत रुजेनात. उलट बाजूने तोच दुवा तोडणारे प्लेरिक्साफोर हे औषध 2008 पासून वापरात आहे: किलोमागे 0.24 मिलिग्रॅम, पेशी गोळा करण्याच्या साधारण 11 तास आधी, मज्जेतल्या पेशी रक्तात उतरवण्यासाठी. किलोमागे निदान 20 लाख सीडी-34 पेशी (पृष्ठभागावर ही खूण असलेल्या, रक्त घडवणाऱ्या पेशी) मिळाल्या तर रोपणाचे काम भागते.

जखमेचा मुद्दा इथून पुढे आला. 2004 मध्ये दिसले की प्राणवायू कमी पडलेल्या ऊतीत एचआयएफ-1 हे प्राणवायूची टंचाई ओळखणारे प्रथिन जागे होऊन सीएक्ससीएल-12 वाढवते. म्हणजे पेशींना बोलावणारी हाक तीच. पण मज्जेतला अनुभव जसाच्या तसा हृदयाला लावणे, ही घाई होती. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ही हाक आठवड्याभरात विरते, आणि डीपीपी-4 हे विकर (एन्झाइम) सीएक्ससीएल-12 च्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापून तो निकामी करते.

दवाखान्यांत सर्रास दिल्या जाणाऱ्या मेसेन्कायमल पेशींची (मज्जा, चरबी अशा ऊतींतून काढून वाढवलेल्या मूलपेशींची) अडचण तर आणखी साधी आहे. प्रयोगशाळेतल्या थाळीत वाढवताना त्यांच्या पृष्ठभागावरचा सीएक्ससीआर-4 बहुतांशी नाहीसा होतो. शिवाय त्या 15 ते 30 मायक्रॉनच्या, फुप्फुसातील केशवाहिन्या 10 च्याही आतल्या. शिरेतून सोडलेले रक्त आधी उजव्या हृदयात आणि तिथून थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे बहुसंख्य पेशी काही मिनिटांत तिथेच अडकतात. 2009 मध्ये डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाने उंदरांत दाखवले की अशा अडकलेल्या पेशी टीएसजी-6 हे प्रथिन स्रवतात आणि हृदयाचे नुकसान कमी होते. पेशी हृदयापर्यंत जवळजवळ पोहोचल्याच नव्हत्या.