पांढरीतले तळघर, काळीतले बेसमेंट

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घराखालची खोली राहती करून घेण्याकडे अलीकडे बराच ओढा दिसतो. कुणाला मुलांच्या अभ्यासासाठी शांत जागा हवी असते, कुणाला मे महिन्याच्या दुपारी पाठ टेकायला गारवा हवा असतो, तर कुणी शिवणकाम किंवा शिकवणीचा वर्ग तेथे हलवतो. काम मात्र बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि रंग, पायाखाली व्हिट्रिफाइड फरशी, डोक्यावर पीओपीचे छत. घर दगडचुन्याचे आहे की आरसीसीचे, ते गावठाणात आहे की बिनशेती झालेल्या प्लॉटवर, हे काम ठरवताना क्वचितच विचारले जाते. ते का विचारावे लागते, हे समजण्यासाठी या खोल्या कोणत्या मातीत आणि कशासाठी खणल्या गेल्या, तेथून सुरुवात करावी लागेल.

गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मराठी मुलखात पूर्वापार मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. तापीच्या खोऱ्यात हा भेद केवळ महसुली नाही. मातीची घरे पडून त्यांवर पुन्हा घरे उभी राहिल्याने पांढरीची जागा आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंच झालेली असते. नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशे आणि जळगाव जिल्ह्यातील बहाळ येथील उत्खननांत अशा टेकाडांच्या पोटात ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर मिळाले आहेत. उंचीमुळे पांढरीवरचे पाणी उतरून जाते आणि पावसाळा सरताच तिची जमीन कोरडी होऊ लागते. काळी माती याच्या उलट वागते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही माती मानवते, भिंतीला मानवत नाही. जुनी तळघरे पांढरीत खणली गेली आणि नवी काळीत खणली जात आहेत. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ माझ्या मते या एका बदलात आहे.

जुन्या काळी जमिनीखालच्या जागा मुख्यतः साठवणीच्या होत्या. पेव हे त्यांतले सर्वांत साधे रूप. कठीण जमिनीत किंवा मुरमात खणलेला, अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा हा खड्डा आतून लिंपून घेत, धान्य भरून त्याचे तोंड बंद करीत. आतले धान्य श्वसन करून प्राणवायू संपवते, त्यामुळे कीड मरते आणि ज्वारी टिकते. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. तोंड मोकळे ठेवून हवा खेळू द्यायची आणि मगच माणूस खाली सोडायचा, हा रिवाज त्यातूनच आला. बळद ही घरातलीच, भिंतीआडची धान्याची कोठी. तळघर मात्र वाड्याचे अंग होते. माजघराखाली किंवा ओसरीखाली खोली, वरून लाकडी झाकण, दगडी पायऱ्या आणि जोत्याच्या दगडांत ठेवलेले बारीक झरोके अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. धान्याबरोबर रोकड, दस्त आणि तांब्यापितळेची भांडी तेथे राहत. १८०३-०४ च्या दुष्काळाच्या आणि त्या आगेमागे झालेल्या लुटालुटीच्या वर्षांत अशा जागेचे मोल काय असेल, ते वेगळे सांगायला नको.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला, धुळ्याची नवी वस्ती सरळ गल्ल्यांत आखली गेली आणि १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. त्या दशकात रेल्वेही भुसावळपर्यंत आली. कापसाच्या पैशातून व्यापारी पेठांत दगडविटांचे आणि सागवानी तुळयांचे वाडे उभे राहिले, त्यांच्यासोबत तळघरेही आली. ग्रामीण भागातील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत ती क्वचितच असत, कारण तेथे पेव आणि बळद यांनी गरज भागत असे. या तळघरांत कुणी कायमचे राहत नसे. उन्हाळ्यात दुपारचे दोन-तीन तास मात्र घरातली माणसे खाली उतरत, कारण बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी काही मीटर खोलीवरच्या जमिनीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळच राहते. राहत्या तळघराची आजची कल्पना या दोन-तीन तासांच्या सुखातून वाढलेली आहे.

आता प्रश्न शब्दाचा, आणि तो वाटतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने तळघराचे बोलण्यात ‘तयघर’ होते, पण तो केवळ उच्चारातला फरक आहे. खरा गोंधळ अर्थाचा आहे. कार्यालयीन मराठीत तळमजला म्हणजे जमिनीलगतचा मजला आणि तळघर म्हणजे त्याखालचा. बोलताना मात्र खांबांवर उचललेल्या इमारतीखालच्या गाड्यांच्या जागेलाही लोक बेसमेंट म्हणतात. व्यापारी संकुलांत रस्त्यापासून चार पायऱ्या खाली असलेल्या गाळ्यांना ‘लोअर ग्राउंड’ म्हटले जाते, आणि हा शब्द तळमजला व तळघर या दोहोंच्या मधोमध सोयीने उभा राहतो. बांधकाम नियमांची व्याख्या जमिनीच्या पातळीवर आधारलेली आहे. जो मजला पूर्णतः किंवा अंशतः जमिनीखाली आहे, तो तळघर. उतारावरच्या प्लॉटमध्ये पुढच्या अंगणातून पाहिले तर तळमजला आणि मागच्या अंगणातून पाहिले तर तळघर, अशी एकच खोली असू शकते. खरेदीखतात यांपैकी कोणता शब्द पडला, यावर पुढे तिचा कायदेशीर उपयोग आणि किंमत अवलंबून राहते.

या व्याख्येला जोडूनच तो निर्णय येतो, ज्याबद्दल आजही एकमत नाही. राज्याचा नगररचना कायदा १९६६ चा, आणि राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली. या चौकटीतल्या नियमांनी तळघराचा उपयोग सामानाची साठवण, तिजोरी, वाहनतळ आणि इमारतीची यंत्रे अशा कामांपुरता ठेवला, निवासासाठी तो धरला नाही. त्याच वेळी अशा उपयोगाचे तळघर चटई क्षेत्राच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याच्या, मोजणीतून वगळले. या दोन तरतुदी वेगवेगळ्या वाचल्या तर योग्य वाटतात. एकत्र वाचल्या तर घरमालकाला मोजणीत न येणारी एक संपूर्ण मजल्याएवढी जागा मिळते, आणि अट एवढीच राहते की तेथे राहायचे नाही. नकाशात ‘साठवण’ लिहायचे, भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग फरशी व छत करून घ्यायचे, हा मार्ग त्यातूनच रुळला. मालकांची बाजू अशी की स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने केलेल्या खोलीत मुलाने अभ्यास केला तर कुणाचे नुकसान होते? नियमांच्या बाजूचे म्हणणे असे की एकच जिना, अपुरी हवा आणि पाणी शिरण्याची भीती असलेल्या जागेत माणूस झोपू देणे हीच चूक आहे.

निर्बंधाचा हेतू मला रास्त वाटतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर तळघराच्या तळाशी साचून राहतो, म्हणून गॅसवरचे स्वयंपाकघर खाली नसावे ही अट जिवाशी निगडित आहे. चूक झाली ती मोजणीतून सूट देऊन नंतरच्या पाहणीची कोणतीही ठोस व्यवस्था न ठेवण्यात. दुसरी चूक अशी की शंभर-दीडशे वर्षांचा वाडा आणि कालचा बंगला यांना एकच मोजपट्टी लागली. आतील उंची किमान २.४ मीटर असावी आणि तळघराचे छत आजूबाजूच्या जमिनीपासून ०.९ ते १.२ मीटर वर असावे, असे संहिता सांगते. दुसरी अट झरोक्यांतून उजेड व वारा यावा म्हणून आहे, आणि गंमत म्हणजे तीन-चार फूट उंच जोत्याच्या जुन्या वाड्यांनी ती कोणत्याही नियमाशिवाय पाळलेली दिसते. उंचीच्या अटीत मात्र जुनी तळघरे सहसा बसत नाहीत. ती बसवण्यासाठी जमीन खोल खणली की पायाचा दगड उघडा पडतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळून सर्व राज्याला बांधकामाची एकत्रित नियमावली लागू झाली, पण वाड्यांचा हा प्रश्न तसाच राहिला.

नव्या घरांत तळघर येण्याचे कारण सिमेंट आहे. १९८२ मध्ये सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले, आणि परवान्यावर पोती मिळण्याचे दिवस संपले. त्यापुढच्या काळात शहरांच्या कडेची शेते बिनशेती होऊन वसाहती वाढल्या, म्हणजे घरे पांढरीतून काळीत उतरली. काळ्या मातीत तळघर करायचे तर मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, भोवतीची फुगणारी माती काढून तेथे मुरूम भरावा लागतो आणि बाजूचा दाब पेलणारी आरसीसी भिंत उभारावी लागते. पाणी अडवण्यासाठी ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’ करतात. खाली खडबडीत शहाबादी फरशा बसवून त्यांवर स्लॅब ओतायचा, बाहेरून भिंतीलाही तशाच फरशा लावायच्या आणि मधली फट सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरायची. हे काम बांधकामाच्या वेळीच होऊ शकते. ते टाळून दहा वर्षांनी आतून रसायन फासले, तर पाणी भिंतीबाहेर थांबत नाही, ते भिंतीतच राहते.

वाड्याच्या तळघरात तर आतून सिमेंट लावणे अधिकच घातक ठरते. दगड आणि चुना यांची भिंत ओल शोषते आणि झरोक्यांच्या हवेने ती सोडूनही देते. सिमेंट, पुट्टी आणि टाइल यांनी ती वाट बंद झाली की ओल वर चढते, जोत्याच्या वर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसू लागतो आणि शेवटी सागवानी तुळयांची भिंतीत बसलेली टोके कुजू लागतात. रंगाचे पापुद्रे निघाले की लोक रंग बदलतात, आणि तुळईकडे पाहायचे राहून जाते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी पुरते. झरोके बुजवून वातानुकूलन यंत्र बसवण्याची पद्धतही याच कारणाने चुकीची आहे. त्याबरोबर हेही खरे की आषाढ-श्रावणात बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागून तिचे पाणी होते. म्हणून झरोके भर पावसात झाकावेत आणि उघाड पडली की उघडावेत, हा जुना क्रम सोडण्याचे कारण नाही.

पुराचा विचार या साऱ्यात सर्वांत उशिरा आला. धुळ्याच्या पांझरा नदीला १८७२ मध्ये आलेल्या मोठ्या पुराची नोंद आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत तळघरातल्या वाचनालयात पाणी भरून तीन विद्यार्थी मरण पावले, आणि साठवणीसाठी मंजूर झालेल्या जागेचा वेगळा वापर हा विषय तेव्हा देशभर चर्चेत आला. राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. पहिली साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नव्या बांधकामाला या रेषा पाहून परवानगी मिळते. नदीकाठच्या जुन्या पेठा मात्र रेषा आखण्याच्या कितीतरी आधी वसल्या, त्यामुळे तेथील काही वाडे आणि त्यांची तळघरे आज रेषांच्या आत येतात. तेथे पाणी भिंतीतून झिरपत नाही, ते जिन्यावरून उतरते. अशा तळघरात धान्याच्या कोठ्या ठेवता येतील, पण माणसाची खाट तेथे टाकू नये.