त्या गाण्यातला ‘टॉक’ आवाज कुठून येतो?

दक्षिण आफ्रिकेतल्या गायिकांच्या गाण्यांबरोबर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की मधेच येणारा तो ‘टॉक टॉक’ आवाज मशीनने टाकलेला असतो, माणसाच्या तोंडातून असा आवाज निघूच शकत नाही.

पहिल्यांदा ऐकल्यावर तसं वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलेलं. पण तो इफेक्ट नाहीये, ते चक्क व्यंजन आहे, आपल्या क, ट सारखं. भाषेचं नाव खोसा, तिथल्या अधिकृत भाषांपैकी एक, आणि असे तीन मूळ आवाज ती लोकं इंग्रजी लिपीतल्या सी, क्यू आणि एक्स या अक्षरांनी लिहितात. भाषेच्या नावातला पहिला आवाजसुद्धा असाच आहे, आपण ‘ख’ म्हणून भागवतो एवढंच. शेजारच्या झुलू भाषेतही हे आवाज आहेत.

आता स्वतः करून बघा. वाईट बातमी ऐकली की आपण ‘च्च च्च’ करतो ना, जीभ दातांमागे चिकटवून ओढून घेतो, तोच त्यांचा सी. जीभ टाळूला लावून झटक्यात खाली सोडली की बाटलीचं बूच उघडल्यासारखा ‘टॉक’ येतो, तो क्यू. एक्स जिभेच्या कडेने, घोडा हाकताना करतात तसा. फरक इतकाच की आपल्याकडे तो आवाज सुटा राहतो, त्यांच्याकडे शब्दात बसतो, लगेच स्वर जोडून.

तरी शंका असेल तर गाणं सोडा, खोसा भाषेतल्या साध्या बातम्या लावा, बातम्या वाचणारी बाईसुद्धा दर दोन-चार वाक्यांत तोच आवाज काढताना ऐकू येईल.