हॅरी व्हार्डन : हिकरीच्या दांड्याने घडवलेला स्विंग

गोल्फ शिकू लागलेल्या माणसाला आज पहिल्याच दिवशी जी पकड शिकवली जाते, तिला सर्रास ‘व्हार्डन ग्रिप’ म्हणतात. उजव्या हाताची करंगळी काठीवर न ठेवता डाव्या हाताच्या तर्जनीवर टेकवायची आणि डावा अंगठा उजव्या तळहाताखाली झाकून घ्यायचा, म्हणजे दोन्ही हात एकमेकांविरुद्ध न ओढता एकजीव होऊन काम करतात. ही पकड हॅरी व्हार्डन या जर्सीच्या व्यावसायिक गोल्फपटूने शोधून काढलेली नाही. 1889 आणि 1891 साली ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकणारा स्कॉटिश खेळाडू जॉनी लेडले ती त्याच्या आधीपासून वापरत होता. व्हार्डनने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे. पण त्याचे स्वतःचे खरे कर्तृत्व बोटांच्या मांडणीपेक्षा त्याच्या स्विंगमध्ये, म्हणजे काठी फिरवण्याच्या पद्धतीत, होते, आणि नेमके तेच आज विस्मरणात गेले आहे.

व्हार्डनचा जन्म 9 मे 1870 रोजी इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरील ग्रूव्हिल येथे एका माळ्याच्या घरी झाला. तो आठ वर्षांचा होण्याच्या सुमारास, 1878 मध्ये, गावच्या माळरानावर गोल्फ क्लब सुरू झाला. साहेबांच्या काठ्या वाहता वाहता व्हार्डन आणि गावची पोरे खेळ पाहत आणि मग झाडाच्या फांद्यांच्या काठ्या व गोट्यांचे चेंडू करून स्वतःच आखलेल्या मैदानावर खेळत. कोणत्याही गुरूने हात धरून शिकवले नसल्यामुळे स्कॉटलंडमध्ये रूढ असलेली शैली त्याच्या अंगवळणी पडली नाही, आणि त्याच्या वेगळेपणाचे मूळ मला तरी यातच दिसते.

त्या रूढ शैलीत क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, शरीराभोवती आडवा, सपाट फिरवला जाई; चेंडू जमिनीलगत खालच्या उंचीवरून जाई आणि जमिनीवर पडल्यावर लांब घरंगळत राही. व्हार्डन मात्र डावा पाय किंचित मागे घेऊन खुल्या पवित्र्यात उभा राहत असे, क्लब अधिक उभ्या रेषेत वर नेत असे आणि कंबर मोकळेपणाने वळवून डावी टाच उचलू देत असे. क्लब शिखरावर असताना त्याचा डावा हात कोपरात स्पष्ट वाकलेला असे, जे आजच्या प्रशिक्षकाला बहुधा खपणार नाही. त्याचा चेंडू उंच चढून मऊपणे उतरत असे आणि फारसा न घरंगळता थांबत असे. त्यामुळे इतर खेळाडू लहान लोखंडी क्लबने जे साधत, ते तो लांबच्या लाकडी क्लबनेही साधत असे : दूरवरून थेट ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू उतरवणे.

या स्विंगचे मर्म त्या काळच्या साधनांत आहे. क्लबचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत, आणि हिकरी नुसती लवत नाही तर पीळही खाते. जोर करून, हिसका देऊन मारले की क्लबचे तोंड फिरते आणि चेंडू भलतीकडे जातो. म्हणून घाई न करता एका लयीत क्लब खाली आणणे ही गरजच होती, आणि ती लय व्हार्डनइतकी क्वचितच कोणाला साधली.

1896 मध्ये म्युअरफील्डला जे. एच. टेलरला प्ले-ऑफमध्ये (बरोबरी झाल्यावर खेळवल्या जाणाऱ्या निर्णायक फेरीत) हरवून त्याने पहिले ब्रिटिश ओपन जिंकले. पुढे 1898, 1899, 1903, 1911 आणि 1914 अशी एकूण सहा विजेतेपदे त्याने मिळवली. हा विक्रम आजही अबाधित आहे. व्हार्डन, टेलर आणि त्यांचा समकालीन जेम्स ब्रेड या त्रयीने 1894 ते 1914 या काळात ही स्पर्धा 16 वेळा जिंकली. 1900 साली तो अमेरिकेत सामने खेळत फिरला, तेव्हा त्याच्या नावाच्या ‘व्हार्डन फ्लायर’ या गटापर्चाच्या (झाडाच्या घट्ट झालेल्या चिकाच्या) चेंडूची जाहिरात हा त्या दौऱ्याचा एक हेतू होता. त्याच दौऱ्यात त्याने टेलरला दोन फटक्यांनी मागे टाकून शिकागो येथील यूएस ओपनही जिंकले. मात्र गटापर्चाचे दिवस भरत आले होते. 1902 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सँडी हर्ड रबरी गाभ्याचा नवा चेंडू घेऊन उतरला आणि व्हार्डनला एका फटक्याने हरवून गेला.

1903 च्या विजयानंतर क्षयाने त्याला गाठले आणि नॉरफोकमधील मंडस्ली येथील आरोग्यधामात राहावे लागले. आजारानंतर जवळच्या पटच्या, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच भोकाकडे ढकलण्याच्या, वेळी त्याचा उजवा हात झटका खाऊ लागला. दूरवरून अचूक मारलेल्या चेंडूचे मोल शेवटच्या चार हातांत वाया जाई. तरीही त्यानंतर त्याने दोनदा ब्रिटिश ओपन जिंकले. 1913 च्या यूएस ओपनमध्ये ब्रुकलाइन येथे 20 वर्षांच्या फ्रान्सिस वीमेटने प्ले-ऑफमध्ये त्याला व टेड रे याला हरवले. 1920 मध्ये टोलीडो येथे, वयाच्या 50 व्या वर्षी, तो अखेरच्या टप्प्यात आघाडीवर असताना सुटलेल्या जोरदार वाऱ्याने त्याचा घात केला आणि विजेतेपद एका फटक्याने रेकडे गेले. हा रेसुद्धा जर्सीचाच.

लंडनजवळच्या साउथ हर्ट्स क्लबमध्ये तो 1937 मध्ये मृत्यू येईपर्यंत व्यावसायिक प्रशिक्षक होता. त्याच्या हयातीतच, 1929 मध्ये, ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली. पोलाद हिकरीसारखे पीळ खात नसल्यामुळे पुढच्या पिढीला अधिक जोराने मारता येऊ लागले. डावा हात ताठ ठेवण्याची शिकवण रुजली आणि व्हार्डनचा मोकळा, वाकत्या कोपराचा स्विंग मागे पडला. लेडलेची पकड मात्र व्हार्डनच्या नावाने टिकून राहिली.