सोलापुरात ग्रंथालयाचं सभासद व्हायचंय? कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात

आधी एक गोष्ट ठरवा: सार्वजनिक वाचनालयात जायचंय की कॉलेज-विद्यापीठाच्या ग्रंथालयात? दोन्हीकडचे नियम निराळे आहेत आणि बऱ्याच जणांची खेप इथेच फुकट जाते.

हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी सार्वजनिक वाचनालयं ही सरकारी कार्यालयं नव्हेत, त्या संस्था आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 नुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अशा वाचनालयाला जात-धर्म बघून कोणाला सभासदत्व नाकारता येत नाही. नुसता पेपर वाचायला सहसा सभासद असावं लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं म्हटलं की अर्ज आला.

छापील अर्ज तिथेच मिळतो. सोबत फोटो, आधार किंवा मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणि राहत्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. घोडं अडतं ते या शेवटच्या कागदावर. मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटहून येऊन खोली करून राहणाऱ्यांच्या आधारवर गावाकडचा पत्ता असतो आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही. अशा वेळी कॉलेजचा बोनाफाईड दाखला, वसतिगृहाचं पत्र किंवा जुन्या सभासदाची हमी चालेल का, ते काउंटरवर स्पष्ट विचारा. लहान मुलांच्या अर्जावर पालकांची सही घेतात.

पैसे साधारण तीन नावांनी घेतात: प्रवेश फी, अनामत आणि वर्गणी. यातली परत मिळते ती फक्त अनामत. म्हणून तिन्ही रकमा पावतीवर वेगवेगळ्या लिहून घ्या. एकच आकडा टाकलेली पावती पुढे भांडणाला कारण होते.

पूर्व भागातल्या तेलुगू वाचकांनी, तसंच कन्नड आणि उर्दू वाचणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आपल्या भाषेचं कपाट बघून घ्यावं. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी अभ्यासिकेची चौकशी वेगळी करावी. तिची फी, वेळा आणि प्रतीक्षा यादी बहुधा स्वतंत्र असते.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं (स्थापना 2004) ग्रंथालय केगावच्या परिसरात आहे. ते मुळात तिथल्या विद्यार्थ्यांसाठी, प्राध्यापकांसाठी आणि संशोधकांसाठी. बाहेरच्या अभ्यासकाने प्राचार्यांचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन ग्रंथपालांना भेटावं. परवानगी मिळाली तरी ती सहसा बसून वाचण्यापुरतीच असते. शहरातल्या कॉलेजांतही हाच रिवाज. केवळ पीएचडीचे प्रबंध बघायचे असतील तर एवढी पायपीट कशाला? ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर त्यातले बरेचसे घरबसल्या मोफत वाचता येतात. कॉलेजने ‘एन-लिस्ट’ (ई-पुस्तकं वगैरे ऑनलाइन वाचायची सोय) घेतलं असेल तर त्याचं लॉगिन ग्रंथपालांकडून मागून घ्या. ते विद्यार्थ्यांसाठीही असतं, पण मागायला फारसं कोणी जात नाही.

कॉलेज सोडताना ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’ शिक्का लागतो. त्याशिवाय दाखला अडतो. पुस्तक हरवलं असेल तर तीच आवृत्ती आणून देता येते का, ते आधी विचारा. दंडापेक्षा हे बऱ्याचदा स्वस्त पडतं.

सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व बंद करताना लेखी अर्ज, सभासद कार्ड आणि अनामतीची मूळ पावती द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अनामत रखडली तर प्रथम वाचनालयाच्या कार्यवाहांना लेखी कळवा. मान्यताप्राप्त वाचनालयाबद्दलची तक्रार त्यानंतर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करता येते. सोबत ती पोच जोडा.